रायपुरेभाऊंची चतुःसीमा

रायपुरेभाऊंना सहज विचारा, "भाऊ, घर कुठं आलं तुमचं?" ते पत्ता सांगत नाहीत, चतुःसीमा सांगतात. "पूर्वेले गुरुजीचं घर, पश्चिमेले नाली, दक्षिणेले डांबरी रोड अन् उत्तरेले बेशरमाची झाडं. मधात आम्ही." यातले पूर्वेचे गुरुजी म्हणजे मी. भाऊंनी सारी नोकरी मोजणी खात्यात काढली, अर्धा गडचिरोली जिल्हा पायी मोजला. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी डावीकडे कोण, उजवीकडे कोण, समोर कोण याची खात्री करून घेतात आणि मगच वरणभाताला हात लावतात.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "हरकत असन तं आत्ताच सांगा." शेत मोजायचं तर आजूबाजूच्या शेतकऱ्यांना आधी नोटीस द्यावी लागते. खात्याच्या भाषेत ते लगतधारक. ते सगळे बांधावर हजर झाले की हे वाक्य म्हणायचं आणि मग मोजणी सुरू करायची. नोकरी सुटली, वाक्य काही सुटलं नाही. आमच्या भिंतीलगत वालाचा वेल लावायचा होता, तर भाऊ सकाळी सातला अंगणात उभे. "गुरुजी, वेल तुमच्या हद्दीत डोकावू शकते. हरकत असन तं आत्ताच सांगा." माझी स्कूटर बारा वर्षं त्यांच्या फाटकासमोर आडवी उभी असते. मी कधी कुणाला विचारलेलं नाही.

अशा माणसानं ड्रोन घ्यावं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. "पाय थकले, आता वरून पाहीन," म्हणाले. तळहाताएवढं, अडीचशे ग्रॅमच्या आतलं खेळणं. पण उडवायचं कुठं? भाऊंनी आकाशाचा सरकारी नकाशा काढून बसून अभ्यास केला. आमच्या जिल्ह्यात एकीकडे पोलिसांचे कॅम्प, दुसरीकडे राखीव जंगल आणि उरलेल्या जागेत वाघ. मी म्हटलं, "भाऊ, मुलचेऱ्याच्या रस्त्यानं जाऊ. तिथी कोण विचारते?"

"कोणी विचारत नाई म्हणूनच आपण विचारा लागते, गुरुजी."

दोन वर्षांत ते ड्रोन एकदाच उडालं. भाऊंच्या बैठकीत, दारं लावून, पंखा बंद करून. कुसुमबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, सोफ्यावर माझं हेल्मेट घालून बसल्या होत्या. दोन मिनिटांत पडद्यात अडकलं आणि पुन्हा पेटीत गेलं. कुसुमबाईंनी त्याचं नाव मच्छर ठेवलं.

आता प्रज्ञाबद्दल सांगायला हवं. प्रज्ञा ही त्यांची एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकली आणि आयर्लंडातल्या एका लहान गावी नोकरीला लागली. जावई जहाजावर इंजिनियर, वर्षातले सहा-आठ महिने पाण्यावर. या उन्हाळ्यात तिला पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण आईच्या हाताखाली व्हावं, ही कुसुमबाईंची फार इच्छा. पण तिला तिकडून निघणं जमेना, आणि बाईंच्या हृदयाची झडप कमजोर, डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलेलं. मग त्या रोज फोनवर तिला पाहायच्या आणि फोन ठेवला की उदास होऊन बसायच्या.

"पोट्टीचं तोंड दिसते अन् मागं पांढरी भिंत," मला एकदा म्हणाल्या. "आजूबाजूले कोन हाये, हाक मारली तं कोन येईन, काईच समजत नाई. दोन वर्षं झाली, एका शेजारणीचं नाव सांगता येत नाई तिले."

भाऊ बाजूला बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मच्छर पुसून चार्जिंगला लावला. आपण आयर्लंडला जायचं, वरून घर दाखवायचं, चारी बाजू दाखवायच्या, पोरीच्या घराची चतुःसीमा बाईंना आणून द्यायची, असं ठरलं.

आणि मग आमच्या घरी नियमांचं पारायण सुरू झालं. परदेशी पाहुण्यानंसुद्धा तिथं चालक म्हणून नोंदणी करायची. नोंदणीचा क्रमांक ड्रोनवर चिकटवायचा. एकशे वीस मीटरच्या वर न्यायचं नाही. नजरेआड जाऊ द्यायचं नाही. माणसांच्या जमावावरून तर मुळीच न्यायचं नाही. एवढ्या हलक्या ड्रोनला परीक्षेची गरज नव्हती, तरी भाऊ ऑनलाइन परीक्षेला बसले, पास झाले आणि आम्हाला पेढे दिले. बॅटऱ्या हातातल्या पिशवीत न्यायच्या असतात, म्हणून ती पिशवी त्यांनी गडचिरोलीपासूनच मांडीवर घेतली. नागपूरच्या विमानतळावर स्वतःच अधिकाऱ्यापुढे उभे राहिले, "साहेब, माझ्याजवळ ड्रोन हाये, तपासून घ्या." साहेबांनी एकदा ड्रोनकडे, एकदा भाऊंकडे पाहिलं आणि "जाओ चाचा" म्हटलं. भाऊंना ते फार लागलं. नोंद न करता सोडलं म्हणे.

तिथं पोचल्यावर मी रोज विचारायचो, "उडवलं का?" रोज नाही. आज वारा, उद्या वारा. वारा पडला तेव्हा भाऊंना नवी शंका आली. कॅमेरा लोकांच्या अंगणावरून जाणार, तर लोकांना कळवायला नको? तिकडच्या नियमांत काही असो, मोजणी खात्याच्या नियमात लगतधारकांना नोटीस आहे! भाऊंनी कोटाच्या खिशात कागद घातले आणि दारोदार नोटीस बजावून आले. अमुक वारी, दुपारी बारा वाजता, अमुक घरावरून, इतक्या उंचीवर. प्रज्ञाचा मला घाईघाईनं फोन आला. "काका, बाबांना समजवा ना. मी इथं कुणाशी बोललेसुद्धा नाही, आणि हे घंटी वाजवत फिरून राह्यले." मी काय समजवणार? मला वालाच्या वेलाची नोटीस मिळालेली होती.

ठरल्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळचे साडेचार वाजले होते. कुसुमबाई, आमची ही आणि मी कूलरसमोर फोन उभा करून बसलो. पडद्यावर प्रज्ञाच्या घरासमोरचा रस्ता दिसला. भाऊ कोट घालून, ड्रोन जमिनीवर ठेवून उभे. आणि रस्त्यावर माणसंच माणसं. कुणी खुर्ची घेऊन आलं होतं, कुणी चहाची किटली. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन आलेला.

"अकरा," भाऊ फोनजवळ येऊन म्हणाले.

"काय अकरा?"

"माणसं, गुरुजी. पाचाच्या वर गेले म्हणजे जमाव झाला. जमावावरून उडवता येत नाई."

"मग त्याईले घरी पाठवा!"

"नोटीस देऊन मीच बोलावलं, अन् मीच हाकलू?"

माझं डोकं फिरलं. इतकी महिनाभराची खटपट, बाई इथं डोळे लावून बसलेल्या. मी ओरडलो, "भाऊ, दोन मिनिटं उडवा अन् उतरवा! कोण पाहून राह्यलं तिथी?"

"अकरा जण पाहून राह्यले," भाऊ म्हणाले.

तेवढ्यात कुसुमबाईंनी फोन स्वतःकडे ओढला. "अवो, ते मच्छर ठेवा पेटीत. मले ती माणसंच दाखवा."

मग भाऊ फोन हातात धरून निघाले. आवाज एकदम साहेबाच्या पुढ्यात अहवाल वाचावा तसा. पूर्वेस निवृत्त पोस्टमन, एक कुत्रा. दक्षिणेस रस्ता, रस्त्यापलीकडे शाळामास्तर, बायको आणि तीन मुलं. उत्तरेस कुरण, त्यात मेंढ्या. त्यांच्या मालकाला नोटीस पोचली, तो तीन गड्यांसह हजर. पश्चिमेस मॉरीनबाई, बस चालवतात. एकेक जण पडद्यात वाकून कुसुमबाईंना हात हलवत होता, आणि बाई पदर सावरून प्रत्येकाला जयभीम करत होत्या.

सगळे दाखवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "त्याईले एक विचारा. तुमचं तं आता परत यायचं ठरलं हाये. रातच्याले पोट्टीच्या पोटात दुखाले लागलं, तं दवाखान्यात कोन नेईन?"

"आई, असं विचारत नाहीत इथं कुणाला," प्रज्ञा मागून म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत तो प्रश्न जसाच्या तसा विचारला, आणि शेवटी इंग्रजीतूनही म्हणाले, हरकत असेल तर आत्ताच सांगा. मग मॉरीनबाईंनी हात वर केला आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणते?" बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"म्हणते, तिची पहाटेची पाळी असते, चारले उठलेलीच असते. अन् चाराच्या आधी दुखलं, तं त्याच्याही आधी उठीन. दार वाजवाचं फक्त."

कुसुमबाईंनी डोळे पुसले. "तिले म्हणा, गाडी हळू चालवजो."

जूनमध्ये भाऊ परत आले. मच्छर तिकडे एकदाही उडाला नव्हता. सप्टेंबरात प्रज्ञाला मुलगी झाली. दवाखान्यात मॉरीनबाईंनी नेलं, आणि जावई जहाजावरून पोचेपर्यंत शाळामास्तरांच्या घरून डबा येत होता. फोनवर नात दिसली तेव्हा तिच्या मागे भिंत दिसतच नव्हती, इतकी माणसं उभी होती. बाईंनी एकेकाला नावानं हाक मारून विचारपूस केली, आमच्या झाडीपट्टीतल्या मराठीत.

त्या दिवशी पेढे घ्यायला मी भाऊंकडे गेलो. न राहवून विचारलं, "भाऊ, एक सांगा. एवढ्याशा खेळण्यापायी अकरा माणसं कामधाम सोडून आली कशी?"

भाऊ उठले. कपाटातून फाईल काढली, माझ्यापुढे ठेवली आणि पाणी आणायला आत गेले.

फाईलमध्ये नोटिशीचा मराठी मसुदा होता, आणि खाली इंग्रजीच्या दोन प्रती. एकीवर लिहिलं होतं, 'प्रज्ञास दाखवलेली'. तिच्यात सहा कलमं होती: दिवस, वेळ, उंची, वजन, नोंदणी क्रमांक, कॅमेऱ्याचा तपशील. दुसरीवर 'बजावलेली'. तिच्यात सात होती. सगळा जन्म एक अक्षर इकडचं तिकडे न केलेल्या माणसानं एकाच तारखेच्या दोन वेगळ्या प्रती काढल्या होत्या. मी मराठी मसुद्यावर सातवं कलम शोधलं. तिथं दोनतीनदा खोडून, शेवटी भाऊंच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

"७. सदर घरात माझी मुलगी एकटी राहते. तिला दिवस गेले आहेत. तिची आई येऊ शकत नाही. तरी सर्व लगतधारकांनी कृपा करून हजर राहावे."