गच्चीवरचं गवत

विश्रामबागेतल्या आपल्या बंगल्याच्या गच्चीवर प्राध्यापक धैर्यशीलने मातीचा जाड थर घालून गवत लावलं, तेव्हा गल्लीला तो वेडा वाटला. आईसोबत गावाहून मुक्कामाला आलेल्या त्याच्या वडिलांना, लालासाहेबांना, तर ती मातीची चेष्टाच वाटली.

"एवढी माती वर चढीवलीस, तर कोथमीर तरी टाकायची. गवात कशाला रं?"

"आबा, ही माती आणायला ट्रक पळाले, खाली प्लास्टिकचं कापड घातलं, पंप बसवला. त्यापायी किती कार्बन हवेत गेला! तो फेडायचाय. थोडा गवत शोषेल. पण खरी फेड खालच्या खोलीत. ती गार राहिली की एसी नको, एसी नको म्हणजे वीज नको, वीज नको म्हणजे कोळसा जळायला नको."

"म्हंजी आदी धूर करायचा आन् मग त्यो निस्तरत बसायचा. केलाच नसता तर?"

हे धैर्यशीलला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून कॉलेजच्या संस्थेच्या प्रांजल मॅडम या गच्चीच्या तपासणीला यायच्या होत्या. त्यांना पटलं तर कॉलेजच्या वसतिगृहावर अशीच गच्ची होणार होती, तीही धैर्यशीलच्या देखरेखीखाली. नाही पटलं तर तिथे पत्रा मारायला प्राचार्य टपलेलेच होते. स्टाफरूममध्ये त्याचं नाव 'गवत्या' पडलं होतं, ते मग निवृत्तीपर्यंत सुटणार नव्हतं.

नेमकी सकाळपासून वीज गेली. मे महिन्याच्या उन्हात धैर्यशील स्कूटर काढून मॅडमना आणायला स्टँडवर गेला आणि लालासाहेब गच्चीवर गेले. पाहतात तर उन्हाळ्यानं गवत वाळून पिवळं पडलेलं! पाहुणी यायची आणि पोराच्या रानाची ही दशा? उन्हाळ्यात बांध पेटवला की पावसाळ्यात गवत जोमानं येतं, हे त्यांनी जन्मभर केलेलं काम. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.

"सर, तो धूर कसला हो?" स्कूटरवर मागे बसलेल्या मॅडमनी विचारलं.

"कुपवाडचा असेल. कारखाने आहेत ना," धैर्यशील ऐटीत म्हणाला. "म्हणून तर हिरव्या गच्च्या पाहिजेत, मॅडम."

स्कूटर गल्लीत वळली, तर धूर त्याच्याच गच्चीवरून निघत होता.

फाटकात त्याची बायको संयोगिता ओरडत होती, "अहो, आई खालच्या खोलीत झोपल्यात! आतून कडी आहे, हाका मारून घसा बसला माझा!"

वीज नसल्यामुळे पंप बंद. शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावत होते. वर लालासाहेब आग आवरायला लिंबाचा डहाळा हातात घेऊन निवांत उभे.

"भिऊ नगा! वारं बघूनच लावलंय."

"आबा, खाली आई आहे!"

लालासाहेबांच्या हातातला डहाळा गळून पडला. त्यांना वाटलं होतं, बायको देवळात गेलीय. ते धडपडत जिना उतरले आणि सगळा जीव एकवटून त्यांनी दाराला खांदा दिला. कडी तुटली.

पलंगावर शालूबाई डोक्यावरून चादर घेऊन पडल्या होत्या. हालचाल नाही.

"शाले! अगं ए शाले!" लालासाहेबांचा आवाज फाटला.

चादर बाजूला झाली. "काय गिल्ला लावलाय? आन् सूनबाई, त्यो एसी बंद कर की. गार लागतंय."

आई जिवंत आहे याचा आनंद मानावा, की सगळं मुसळ केरात गेल्याचं दुःख करावं, धैर्यशीलला कळेना. भिंतीवरच्या जुन्या एसीकडे मॅडमनी रोखून पाहिलं.

"सर, तुम्ही तर म्हणाला होतात, एसी लावतच नाही."

संयोगिताने घाईघाईने रिमोट दाबला. पुन्हा दाबला. मग तिचे डोळे विस्फारले.

"अहो, पण लाइट सकाळपासून नाहीये!"

मॅडम चपला काढून सरळ पलंगावर चढल्या आणि त्यांनी छताला हात लावला. वर गवत तडतडत होतं. छत गार! त्या मटकन शालूबाईंच्या शेजारीच बसल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "यापेक्षा कडक तपासणी मला जन्मात जमली नसती. वसतिगृहाची गच्ची मंजूर!"

धैर्यशील हसला. बायकोचा हात घट्ट धरून बसलेल्या लालासाहेबांच्या जिवात आता कुठे जीव आला होता. त्यांनी दुसऱ्या हाताने खिसा चाचपला, काडेपेटी जागेवर असल्याची खात्री केली आणि आदबीनं विचारलं,

"मॅडम, मग तिकडलं गवात कवा पेटवायचं?"