चालीवरची वहिवाट

भालचंद्रपंत निरगुडकरांच्या डोक्यातली भूपाळीची चाल शेजारच्या लॉइड पीटरसनच्या डोक्यात राहायला गेली, तेव्हा ती परत मिळावी म्हणून पंतांनी विस्कॉन्सिनमधल्या दिवाणी न्यायालयात रीतसर दावा लावला.

शब्द सगळे पंतांच्या मुखात होते; चाल तेवढी गेली होती. आणि देवघरातला बाळकृष्ण नुसत्या शब्दांनी उठेना. निरांजन लागे, लोण्याची वाटी पुढे येई, पंत सरकारी परिपत्रक वाचावे तशी भूपाळी म्हणत, आणि देव कूस बदलून पुन्हा निजत.

"अहो, दुपार झाली. नैवेद्य कोणाला दाखवू?" सुमतीबाई विचारीत.

जन्मभर ज्याला जागवले, तो आपल्यापायी उपाशी निजला आहे, या विचाराने पंतांच्याही घशाखाली घास उतरत नसे.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश बाईंनी प्रतिवादीला विचारले, "चाल तुमच्याकडे आहे, हे मान्य?"

"मान्य," लॉइड म्हणाला. "पण मी चोरली नाही, बाईसाहेब. कुंपणाशी गवत कापत होतो. ती आपण होऊन आली. आता दाढी करतानाही गुणगुणतो."

"चुकीची गुणगुणतो!" पंत उसळले. "अंतऱ्याला घसरतो!"

"मग बरोबर कशी, ते म्हणून दाखवा ना, पंत."

पंत खाली बसले. म्हणता आले असते, तर दावा कशाला लावावा लागला असता?

"वादी," बाईंनी सौम्यपणे विचारले, "भूपाळी म्हणताना आपल्या डोक्यात आणखी काय काय असे?"

न्यायासनापुढे खोटे बोलणे पंतांना शक्य नव्हते. "भजनी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक," ते पुटपुटले. "शिवाय, विरुद्ध बाजूच्या उमेदवाराचा बेसूर आवाज."

"आणि आपल्या डोक्यात, पीटरसन?"

"काही नसते, बाईसाहेब," लॉइड विनयाने म्हणाला.

बाईंनी चष्मा पुसला. मधमाश्यांनी एका शेतकऱ्याचे झाड सोडून दुसऱ्याच्या झाडावर पोळे केल्याचा एक जुना खटला त्यांनी आधाराला घेतला आणि निकाल दिला. चाल जिथे स्वखुशीने राहिली आहे तिथेच राहील. मात्र वादींची तिच्यावरून जन्मभर येजा होती. ती वहिवाट कोणालाही अडवता येणार नाही. चाल जाईल तिथे वादींनी आपल्या देवासह जावे, आणि प्रतिवादीने त्यांना जागा द्यावी.

'निरगुडकर विरुद्ध पीटरसन' हा निवाडा आता पथदर्शी मानला जातो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो परीक्षेला असतो, आणि पुष्कळांचा तिथेच गोंधळ उडतो.

पंतांचा उडत नाही. एरवी ते लॉइडच्या न्हाणीघराच्या खिडकीखाली उभे राहतात. शनिवारी पहाटे लॉइड तळ्यावर मासे धरायला जातो, तेव्हा होडीच्या मागल्या फळीवर पंत बसतात. कमरेला सोवळे, अंगात लाइफ जॅकेट, मांडीवर ताम्हन, ताम्हनात बाळकृष्ण. लॉइड गळ टाकतो आणि गुणगुणू लागतो. अंतऱ्याला घसरतो. पंत डोळे मिटून ठेका धरतात. दुरुस्ती करीत नाहीत. निवडणुकीत कोण निवडून आले, हे त्यांना अद्याप ठाऊक नाही.

देव डोळे उघडतात.

"उठले?" मागे न वळता लॉइड विचारतो.

"उठले हो, उठले!" पंतांना गहिवरून येते.

"हळू, पंत," लॉइड म्हणतो. "मासे अजून निजलेत."