शेवंताबाईंचा सवाल

कुणाचंही भाषण संपलं की शेवंताबाईंचा हात वर जायचा. "एक सवाल हाये!" सभा कशाची, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसे. आमच्या गल्लीतल्या शोकसभेत वक्ते म्हणाले, "गेलेला माणूस कधी कुणाला कडू बोलला नाही." बाई उठल्या. "मंग त्याची बायको रोज आमच्या घरी येऊन काहून रडे?" वक्त्यांनी घाईघाईनं दोन मिनिटं शांतता जाहीर केली.

अकोल्यात त्या आमच्या शेजारी राहायच्या. मंडईबाहेर हार विकायच्या. घरात एक धाकटा भाऊ, मोतीराम. कॉलेजात असतानाच त्याला मनाचा आजार जडला. गोळ्या चालू असल्या की शांत असायचा, पण एकटा राहू शकत नव्हता. म्हणून बाई त्याला सभेलाही सोबत न्यायच्या. बहीण बोलली की तो टाळ्या वाजवायचा. बहुतेक वेळा एकटाच.

मग मंडईबाहेरचे फुलवाले उठवून तिथे गाड्या उभ्या करायचं ठरलं. नगरसेवकानं सभा घेतली. विकासाबद्दल बोलून तो बसणार, तोच हात वर.

"एक सवाल हाये. गाड्या इथं उभ्या राह्यल्या, तं आमी कुठी उभं राहाचं?"

"दुसरी जागा देऊ, मावशी."

"कुठी देता? आत्ताच सांगा ना."

लोक टाळ्या वाजवायला लागले. नगरसेवकानं माईक तोंडाजवळ ओढला. "मंडळी, मावशीचं मनावर घेऊ नका. त्यांचा दोष नाही, त्यांच्या घरातच आहे ते." त्यानं मोतीरामकडे बोट दाखवलं. "दोघांलेही इलाज पाह्यजे."

अख्खी सभा हसली. सगळे हसताहेत म्हणून मोतीरामही हसला आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागला.

बाई खाली बसल्या. 'तुमी बोला' म्हणून त्यांना पुढे करणारे फुलवाले आपापल्या चपला शोधत होते.

जागा गेली ती गेलीच. बाई अर्ज घेऊन कचेरीत गेल्या, तर शिपाई विचारायचा, "गोळी घेतली का, मावशी?" हळूहळू त्यांचे सवाल बंद झाले. सभेला जाणंही.

एकदा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्या मोतीरामची नखं कापत होत्या.

"मले एकटीले येडी म्हणले असते ना भाऊ, तं मी तिथंच भांडली असती," त्या हळूच म्हणाल्या. "पण यानं कोणाचं काय बिघडवलं? ताप येते तशी बिमारी हाये ते. त्यायनं तिची शिवी करून टाकली."

मोतीराम ऐकत होता की नाही, कळेना. थोड्या वेळानं म्हणाला, "ताई, आज सभा नाई?"

"सभा बंद झाल्या, राजा."

तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा लावलेला ऑटो गेला. आज रात्री जाहीर सभा, बंधुभगिनींनी मोठ्या संख्येनं यावं. मोतीरामनं मान वर केली.

"मंग हे काय हाये?"

बाईंनी उठून खिडकी लावून घेतली.

"भंगारवाला हाये. दुसरा हात दे."