सहा तास मागे

बर्वेदा काहीही सांगोत, ते तुमच्याकडून परत म्हणवून घेतल्याशिवाय जागचे हलत नाहीत. कोलकात्यात, खिदिरपुरातल्या आमच्या ऑफिसखालचा चहावालाही "दूध छाडा, चिनी कोम", म्हणजे बिनदुधाचा, साखर कमी, असं पाठ म्हणूनच किटलीला हात लावतो. त्यावर बर्वेदांचं ठरलेलं, "हां, पोचलं."

नाव विनायक बर्वे, पण जन्म इथलाच, म्हणून सगळ्यांचे बर्वेदा. आमच्या जहाजी मालाची माहिती तीन सर्व्हरवर असते, आणि ते तिघे जुळते ठेवणं हे त्यांचं काम. थोरल्यावर लिहिलेलं मधल्यावर लगेच उतरतं. धाकटा मात्र त्यांनी मुद्दाम सहा तास मागे ठेवलाय. साहेब दर मीटिंगमध्ये त्यावरून त्यांची फिरकी घ्यायचे. मीही दात काढायचो.

एका सकाळी कुणाच्या तरी हातून थोरल्यावरची सगळी गिऱ्हाइकं पुसली गेली. मधल्यानेही ती इमानेइतबारे पुसली. साहेब डोकं धरून बसले. बर्वेदांनी धाकट्याकडे जाणारं सगळं थांबवलं आणि त्याच्याकडूनच सगळी गिऱ्हाइकं परत मिळवली.

"अरे, चूकसुद्धा पोचते," ते मला म्हणाले. "एकाला तरी उशिरा कळायला हवं."

पुढे त्यांचा नाशिकचा धाकटा भाऊ श्रीकांत हार्ट अटॅकने गेला. बर्वेदा घरी आईला ऑफिसचं काम सांगून नाशिकला जाऊन आले. महिन्याभराने त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं आणि दारातच अडवलं.

"श्रीकांत दुबईला गेलाय, फोन लागत नाही. म्हण."

मी म्हटलं.

"आईला पोचू दिलेलं नाही. थांबवलंय."

कुठवर थांबवणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. धाकट्या सर्व्हरलासुद्धा शेवटी सगळं कळतंच.

बर्वेदा आमटी गरम करायला आत गेले, तशी त्यांच्या आईंनी मला जवळ बोलावलं.

"श्रीकांत गेल्याचं मला माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हा ऑफिसात असताना नाशिकहून सुनेचा फोन आला होता. विनूला कळू देऊ नकोस. माझ्यासाठी फार धडपडतोय रे तो. काय सांगितलं मी?"

"बर्वेदांना कळू द्यायचं नाही."

"हां, पोचलं."

एकाच घरात दोघं एकाच माणसासाठी चोरून रडत होती, आणि मला दोघांनीही बांधून घातलं होतं. तेवढ्यात बर्वेदा आमटी घेऊन आले. आईंनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "दुबईला ऊन फार असेल, नाही रे?"