जानेवारीतलं ऊन

ग्लाफिरा मावशींनी पट्टी दिव्याखाली धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली आणि म्हणाल्या, "पंचवीस तारखेला ऊन पडलं होतं."

कुणी मान वर केली नाही. प्रोखोर काका पाव कापत होते. मावशींचे नवरे, वोस्त्राया हवामान-स्थानकाचे प्रमुख सावेलिच, चहात मुरंबा ढवळत होते. इन्ना दुपारच्या वाऱ्याचे आकडे वहीत उतरवत होती. खिडकीबाहेर दक्षिणेच्या क्षितिजावर पातळ ताकासारखा उजेड होता, आणि जानेवारीच्या शेवटच्या दिवशी कारा समुद्राच्या काठावर त्याहून जास्त उजेडाची अपेक्षा कुणी करत नाही. सूर्य चार नोव्हेंबरला गेला होता. सात फेब्रुवारीच्या आत तो यायचा नव्हता.

"एक्केचाळीस मिनिटं," मावशी पुढे म्हणाल्या. "तेरा मिलिमीटर जळालंय. दोनदा मोजलं."

इन्नाची पेन्सिल थांबली. पंचवीस तारखेची पाळी तिची होती.

स्थानकामागच्या टेकडीवर, लोखंडी चौथऱ्यावर, मोठ्या सफरचंदाएवढा एक काचेचा गोळा आहे. ऊन पडलं की गोळा ते एका बिंदूत गोळा करतो, आणि मागे लावलेल्या जाड कागदाच्या पट्टीवर सूर्य स्वतःच्या हाताने जळकी रेघ ओढत जातो. संध्याकाळी पट्टी काढायची, रेघ मोजायची, म्हणजे ऊन किती वेळ होतं ते कळतं. इतकं साधं आणि इतकं प्रामाणिक यंत्र दुसरं नाही, असं इन्नाला विद्यापीठात शिकवलं होतं. ते खरंही होतं. यंत्र प्रामाणिकच असतं.

स्थानकाच्या पहिल्या प्रमुखांनी नव्वद वर्षांपूर्वी अशी पद्धत घातली होती की ध्रुवीय रात्रीतही पट्टी रोज बदलायची आणि 'शून्य' लिहायचं. उत्तर माहीत आहे म्हणून विचारायचं थांबलो, तर त्याला निरीक्षण म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे मुख्यालयाने ही पद्धत सगळ्या किनाऱ्याला लागू केली. इन्नाला हा विचार फार आवडायचा. पहिल्या हिवाळ्यात ती प्रत्येक पाळीला न चुकता टेकडी चढली होती. पण टेकडी तीनशे मीटर दूर, थंडी उणे पस्तीस, वर अस्वलांसाठी बंदूक आणि इशाऱ्याचं पिस्तूल बरोबर घ्यायचं, आणि हे सगळं एक कोरी पट्टी काढून दुसरी कोरी पट्टी लावायला. दुसऱ्या हिवाळ्यात, नोव्हेंबरातल्या एका वादळी दिवशी ती गेली नाही. पेटीतून एक कोरी पट्टी घेतली, मागे तारीख घातली आणि गठ्ठ्यात ठेवून दिली.

पाळ्या तिघांच्या होत्या: सावेलिच, मग ग्लाफिरा मावशी, मग इन्ना. म्हणजे दुसऱ्या दिवशी सावेलिच वर जाणार, गोळ्यामागे जुन्याच तारखेची पट्टी बघणार आणि विचारणार. इन्ना दोन दिवस धास्तावून होती. पण सावेलिच काही बोलले नाहीत. माणूस मोठ्या मनाचा आहे, असं तिला वाटलं. पुढच्या पाळीलाही ती गेली नाही, आणि सावेलिच पुन्हा मोठ्या मनाने गप्प राहिले. डिसेंबरपासून ती दहा दिवसांतल्या आपल्या तीन-चार पट्ट्या एकाच बैठकीत, उलट्या ठेवून, तारखा घालून मोकळी होऊ लागली.

आता तिला आठवलं. ऑक्टोबरात गोळ्याची दिशा नीट लावताना चाचणीसाठी एक पट्टी वापरली होती. चाचणीचीच म्हणून मागे तारीख घातली नव्हती. ती फेकून द्यायची ती तिने पेटीत टाकली होती.

"मावशी, ती पट्टी जुनी असेल," इन्ना म्हणाली. "मिसळली असेल."

"मागे तारीख कुणाच्या अक्षरात आहे?"

"माझ्या."

"मग झालं तर. पट्टी सांगते ते मी पाठवते." आणि ग्लाफिरा मावशी रेडिओच्या खोलीत गेल्या. दहा दिवसांचा गोषवारा महिन्यातून तीनदा, ठरल्या तारखेला दुपारी एकला पाठवायचा, हे लग्न झाल्यापासून त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं.

खरं म्हणजे त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण इन्नाने असा हिशोब केला की मुख्यालयात कुणीतरी आकडा बघेल, हसेल, चूक म्हणून खोडेल. शास्त्रात चुका खोडण्याची सोय असते.

मुख्यालयातल्या सौरविभागाच्या प्राध्यापकांनी आकडा बघितला, पण ते हसले नाहीत. दुसऱ्या सकाळी त्यांचा संदेश आला तो चांगला पानभर होता. चारशे वर्षांपूर्वी नोवाया झेम्ल्यापाशी बर्फात अडकलेल्या डच खलाशांनी सूर्य दोन आठवडे आधीच पाहिला होता. थंड हवेचे थर प्रकाश वाकवतात आणि क्षितिजाखालचा सूर्य वर दिसतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. परंतु अशा सूर्याने पट्टी जाळल्याची नोंद जगात कुठेच नाही. पट्टी जपून ठेवावी. पहिल्या हेलिकॉप्टरने पाठवावी. त्या दिवशी पट्टी बदलणाऱ्याने काय पाहिलं, याचं सविस्तर निवेदन तीन दिवसांत द्यावं.

जगात कुठेच नाही, याचं कारण इन्नाला पाठ होतं. क्षितिजावर टेकलेला सूर्य, खरा असो की भासाचा, कागद जाळण्याइतका तापत नाही. सात फेब्रुवारीला खरा सूर्य आला तरी पहिले काही दिवस पट्टी कोरीच राहायची. प्राध्यापकांनाही हे पाठ असणार. पण तीस वर्षं एखाद्या गोष्टीची वाट पाहिलेल्या माणसाला ती आली म्हणून सांगितलं, की तो पाठ केलेलं आधी विसरतो.

सावेलिचनी संदेश दोनदा मोठ्याने वाचला. शरदात मुख्यालयाने कळवलं होतं, की येत्या उन्हाळ्यात जहाज आपोआप नोंदी घेणारी एक स्वयंचलित पेटी घेऊन येईल आणि माणसं घेऊन जाईल. तेव्हापासून ते फारसे बोलत नव्हते. आज त्यांनी दाढी केली.

"पेटीला हे दिसलं असतं का?" ते प्रोखोर काकांना विचारत होते. "पेटी टेकडीवर गेली असती का, उणे अडतिसात? माणूस लागतो, प्रोखोर. जाणारा माणूस लागतो. ही पोरगी गेली."

प्रोखोर काकांनी इन्नाकडे बघितलं आणि कणीक मळत राहिले. ते यंत्रं सांभाळायचे, जनरेटर बघायचे आणि पाव भाजायचे. शास्त्राच्या गोष्टीत ते तोंड घालत नसत.

इन्ना दोन दिवस निवेदन लिहीत होती. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं, की ती खाली बघून चालत होती, म्हणून आकाशाकडे लक्ष गेलं नाही. दुसऱ्यात लिहिलं, की क्षितिज तांबूस होतं. तांबूस शब्द खोडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण आता फक्त पट्टी नाही, आकाशही बनवायला लागलो आहोत. नव्वद वर्षांच्या वह्या तिच्या मागच्या फडताळात होत्या. त्यांत युद्धातल्या हिवाळ्याची एक वही होती, जिच्यात दोन महिने एकाच माणसाचं अक्षर होतं, कारण दुसरा कुणी उरला नव्हता. त्या वह्यांत तिच्या सहीने एक खोटा सूर्य जाऊन बसणार होता, आणि शंभर वर्षांनी कुणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवणार होतं. पण तो सूर्य काढून घ्यायचा, तर सावेलिचची दाढी, त्यांचा आवाज, सगळंच काढून घ्यावं लागणार होतं.

तीन तारखेच्या सकाळी लापशी वाढून झाल्यावर तिने चमचा खाली ठेवला.

"पंचवीसला मी टेकडीवर गेले नव्हते," ती म्हणाली. "त्याआधीही नाही. नोव्हेंबरात एक-दोनदा गेले असेन म्हणायचं, पण तेही खरं नाही. मी घरी बसून तारखा घालत होते. ती पट्टी ऑक्टोबरातली चाचणीची आहे."

तिची अपेक्षा होती की सावेलिच टेबलावर हात आपटतील. निदान मावशी तरी सुनावतील. सावेलिच लापशीकडे बघत राहिले. ग्लाफिरा मावशींनी कारण नसताना मिठाचं भांडं सरकवलं. दोघांचेही चेहरे इन्नाला वाटले होते तसे रागाचे नव्हते. मग कशाचे, ते तिला ओळखता येईना.

"मला माफ करा," ती म्हणाली. "तुम्ही दोघं रोज आपल्या पाळीला जात होतात, आणि मी..."

"हं," सावेलिच म्हणाले.

तेवढ्यात प्रोखोर काका पहिल्यांदा शास्त्रावर बोलले.

"म्हणजे ती पट्टी तशीच ठेवायची पद्धत नव्हती होय?"

"कुठली पट्टी?" मावशींनी विचारलं.

"गोळ्यामागची. मी डिझेलच्या पिंपांकडे जाताना रोज गोळा पुसतो. भिंतीवर सूचना आहे ना, काचेवर बर्फ धरू देऊ नये, म्हणून. पट्टीवर सहा नोव्हेंबर लिहिलंय. तेव्हापासून तीच आहे. मला वाटलं, तुमची शास्त्राची काही पद्धत असेल."

चौघं टेकडीवर गेले. इतक्या घाईने त्या टेकडीवर कधी कुणी गेलं नसेल. विजेरीच्या उजेडात सावेलिचनी पट्टी बाहेर काढली. मागे पेन्सिलीने सहा नोव्हेंबर लिहिलं होतं, आणि अक्षर त्यांचंच होतं.

"तू टोपी घालून रोज बाहेर जायचीस," ते बायकोला म्हणाले.

"कुत्र्याला घालायला. आणि तुम्ही बंदूक घेऊन अर्धा अर्धा तास?"

"न्हाणीघरात," सावेलिच म्हणाले. "बसायचो."

"सिगारेट ओढत."

"मला वाटायचं, तू पट्टी बघून गप्प राहतेस. समजूतदारपणा म्हणून."

"मलाही तेच वाटायचं," ग्लाफिरा मावशी म्हणाल्या, "तुमच्याबद्दल. आणि हिच्याबद्दल."

वारा नव्हता. इन्नाने पट्टी हातात घेतली, उलटली, विजेरीखाली धरली. पुढची बाजू स्वच्छ होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक तपकिरी ठिपकादेखील नाही. मग तिच्या आवाजात एकदम परीक्षेतला प्रश्न सुटल्यासारखा हुरूप आला.

"ही पट्टी एकोणनव्वद दिवस इथून हललेली नाही," ती म्हणाली. "आणि काका रोज काच पुसत होते. म्हणजे पंचवीसला सूर्य असता, तर तो इथे असता. आपण तिघांनी मिळून जेवढ्या पट्ट्या बदलल्या असत्या, त्या सगळ्यांपेक्षा ही एक पट्टी जास्त खात्रीची आहे. कारण हिला कुणी हातच लावलेला नाही."

"आळसाचा पुरावा," सावेलिच म्हणाले.

"शून्याचा पुरावा," इन्ना म्हणाली. "आळसाचा वेगळा देऊ."

तिने संदेश लिहिला, चार वाक्यांचा. मी पट्ट्या बदलल्या नाहीत. पंचवीसची पट्टी खोटी आहे, चूक माझी आहे. सहा नोव्हेंबरपासून एकच पट्टी गोळ्यात होती आणि ती कोरी आहे. काच रोज मेकॅनिक प्रोखोर यांनी पुसली. सावेलिचनी कागद घेतला, चष्मा चढवला आणि जिथे जिथे 'मी' आणि 'माझी' होतं, तिथे ते खोडून 'आम्ही' आणि 'आमची' केलं. मग तिघांच्या सह्या झाल्या. प्रोखोर काकांनी सही करायला नकार दिला. आपण फक्त काच पुसली, असं ते म्हणाले.

"आता पेटी येणार," सावेलिच रेडिओच्या खोलीच्या दाराशी उभे राहून म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता, पण ते दारातून हलले नाहीत. मावशींनी संदेश पाठवला.

दिवसभर उत्तर आलं नाही. इन्नाने दुपारी टेकडीवर जाऊन नवी पट्टी लावली, तारीख घातली, आणि परत येऊन वहीत शून्य लिहिलं. सावेलिच तिच्याबरोबर गेले होते. पाळी त्यांची नव्हती.

चार तारखेला सकाळी नऊच्या संपर्कात मुख्यालय आलं. प्राध्यापक ना रागावले, ना त्यांनी कौतुक केलं. स्पष्टीकरण मिळालं, एवढंच त्यांनी वोस्त्राया स्थानकाला कळवलं. पुढचा संदेश मात्र एकट्या वोस्त्रायासाठी नव्हता. तो किनाऱ्यावरच्या सगळ्या अकरा स्थानकांना होता आणि त्यात एकच प्रश्न होता: या क्षणी आपल्या गोळ्यामागे असलेल्या पट्टीवर कोणती तारीख आहे, ते ताबडतोब कळवावं.

ग्लाफिरा मावशींनी वोस्त्रायाची तारीख कळवली. तीन फेब्रुवारी. मग त्यांनी आवाज वाढवून ठेवला, आणि चौघं खुर्च्या ओढून रेडिओभोवती बसले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. प्रोखोर काकांनी चहा आणला.

"हवा खराब आहे का?" त्यांनी विचारलं. "कुणाचाच आवाज नाही."

ग्लाफिरा मावशींनी कानाला यंत्र लावून नीट ऐकलं.

"हवा छान आहे," त्या म्हणाल्या. "सगळे आहेत. दहाच्या दहा. नुसता श्वास ऐकू येतोय."