न्यायाधीशांचा कॅट

"आई, हातातलं पान खाली ठेवा. हळू! आपटू नका!"

जावई दारातूनच ओरडला. सासूबाईंनी हुकमाचा एक्का नेमका हवेत उगारला होता. तो तिथल्या तिथे थांबला ही कोणाची तरी पूर्वपुण्याई म्हणायची, कारण तो एक्का तीनशे वर्षांचा होता.

जावई संग्रहालयात जुन्या वस्तू सांभाळायचा. सुती मोज्यांशिवाय कशाला हात लावायचा नाही, म्हणून कचेरीत त्याला सगळे 'हातमोजे'च म्हणत. सोमवारी मोठं प्रदर्शन उघडणार होतं आणि शनिवारी कपाटातली हवा कोरडी ठेवणारं यंत्र बंद पडलं. प्रदर्शनाचा मुख्य मानकरी म्हणजे जुन्या काळच्या एका नामवंत न्यायाधीशांचा, हातांनी रंगवलेला पत्त्यांचा कॅट. ओल लागली तर काय, या धास्तीने हातमोज्यांनी तो कोणालाही न विचारता डब्यात घालून घरी आणला. नियमाने बघायला गेलं तर सरळ नोकरी जायची. रविवारी दुपारी तो पाट्या छापून आणायला बाहेर पडला आणि इकडे सासूबाईंच्या पत्त्यांतली चौकट सत्ती हरवली.

"मैत्रिणी येऊन बसलेल्या, सत्ती सापडेना, मग तुमचा काढला," सासूबाई म्हणाल्या. "चार डाव झाले. काय पानं आहेत हो जावईबापू! गुलामाला चक्क पाय आहेत!"

"कोपऱ्यात आकडा नाही, ठिपके मोजावे लागतात," शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण राणी बघा. आत्ता बोलेल असं वाटतं."

खरंच, पत्ता ही चीजच अजब! बावन्न कागदाचे तुकडे, पण खऱ्या राजांची सिंहासनं भंगारात गेली तरी हे चौघे अजून गादीवर आहेत. आणि त्यांच्याही वरचढ कोण, तर एक ठिपका! ज्या कोणाला हे पहिल्यांदा सुचलं असेल त्याच्या पाया पडावं. चौघी बायका त्या पानांकडे बघत गप्प बसल्या होत्या, आणि या चौघींनी गप्प बसणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

हातमोज्यांनी मोजे चढवले आणि पानं मोजली. बावन्न. जिवात जीव आला. मग एक पान उलटं झालं आणि आलेला जीव परत गेला. कोऱ्या पाठीवर, कडेजवळ, नखाची बारीक चंद्रकोर. दुसऱ्या पानावरही. तिसऱ्यावरही.

"आई, नखं उमटवलीत?"

"आम्ही नाही हो! आधीपासूनच आहेत."

"अकरा वर्षं सांभाळतोय मी हा कॅट!"

"काचेखाली चेहरे वर करून. पाठ कधी बघितलीत? आणि मोज्यांतून बोटाला काय कळणार, कपाळ? काढा ते."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने उघडं बोट त्या कागदावर ठेवलं. खुणेचा खळगा बोटाला लागला. सासूबाईंनी डोळे मिटले, पाठीवरून अंगठा फिरवला. "हा राजा. ही राणी. हा एक्का." पानं उलटली. राजा, राणी, एक्का!

"म्हणजे न्यायाधीश..."

"लबाड होता मेला," सासूबाई अगदी भक्तिभावाने म्हणाल्या. "पण काय अंगठा असेल!"

सोमवारी सकाळी हातमोज्यांनी संचालकांपुढे सगळं कबूल केलं. साक्षीला चौघींनाही नेलं होतं. सासूबाईंनी तिथेही डोळे मिटून सात पानं ओळखून दाखवली. सातही बरोबर. हातमोज्यांना वाटलं, जिंकलो.

संचालकांनी निलंबनाचा कागद पुढे ओढला.

"यावरून तर खुणा तुम्हीच केल्यात हे सिद्ध होतं, बाई. नाहीतर कोणती खूण कशाची, हे एका दुपारीत कसं कळलं?"

हातमोजे पांढरेफटक पडले. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. मग मैत्रिणी बसल्या होत्या त्या शेजारच्या तीन खुर्च्यांकडे पाहिलं. मोठा श्वास घेतला.

"एका दुपारीत नाही, साहेब. तीस वर्षं लागली."

त्यांनी पिशवीतून स्वतःचा कॅट काढून टेबलावर उलटा पसरला. "हे माझं राज्य. राजा वर, राणी जरा खाली, एक्क्याला दोन. काल न्यायाधीशांच्या पानांवर अंगठा ठेवला नि तेच हाताला लागलं. आता ही ताजी खूण बघा." त्यांनी आपल्याच एका दुर्रीवर नख दाबलं. "आत पांढरी. माझ्या जुन्या काळ्या. आता न्यायाधीशांच्या बघा."

संचालकांनी भिंग लावलं. न्यायाधीशांच्या खुणा आतून काळ्याकुट्ट होत्या, मळ दगडासारखा बसला होता.

"तीनशे वर्षं मधे गेली," संचालक कुजबुजले, "आणि दोघांना एकच सुचावं!" त्यांनी स्वतःचा अंगठा त्या खुणेवर ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग निलंबनाचा कागद टराटरा फाडला, उभे राहिले आणि सासूबाईंना हात जोडले. "हातमोजे, पाटी बदला! नवीन मजकूर बाई सांगतील."

शेजारच्या तीन खुर्च्या एकदम करकरत मागे सरकल्या.

"तीस वर्षं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

सासूबाई जावयाच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू," त्या पुटपुटल्या, "तुमची नोकरी वाचली ना? मग आता मला वाचवा."