रुईवरच्या सात अळ्या

मी भगवंतराव. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. विनातिकीट माणूस मी नुसत्या चपलांवरून ओळखायचो. तो बहुतेक वेळा पासवाला निघायचा, हा भाग वेगळा. निवृत्तीनंतर पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या गावात मी गुप्तहेरगिरी सुरू केली. चष्मा आहे, पण तो घरीच असतो. गुप्तहेर अंतर्दृष्टीने पाहतो.

त्या शनिवारी सकाळी मारुतीला हार घालून परतताना सारिका मॅडमनी मला शाळेच्या कुंपणापाशी अडवलं. मॅडम तिसरीचा वर्ग झाडाखाली घेतात. कुंपणातल्या रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या सात अळ्या होत्या. त्यांची फुलपाखरं होईपर्यंत रोज बघायचं आणि वहीत लिहायचं, हा पोरांचा अभ्यास. आज अळ्या गायब, पानंही गायब.

"शाळा समितीचे अध्यक्ष आता येऊन राह्यले," मॅडम म्हणाल्या. "पोरं नुसती उंडारतात म्हणते ते. दाखवाले काही नसलं, तर सोमवारपासून वर्ग खोलीत."

त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. मी लगेच तपास हाती घेतला.

पहिला संशय गोजरबाईच्या बकरीवर. बकरीचा चेहराच विनातिकीट होता.

"काऊन हो भाऊ, बकरी रुईले तोंड लावते काय?" गोजरबाई कडाडली. "कडूजहर राह्यते ते!"

बकरीला मी जामिनावर सोडलं. मग बुलबुलावर घसरलो. पण बुलबुल अळ्या खाईल, पानं देठापासून कशाला खुडेल? उरले स्वतः अध्यक्ष प्रेमानंदराव. त्यांना कारणही होतं! ते येताच मी जाब विचारला. त्यांनी खिशातून खामगावहून आत्ताच आल्याचं तिकीट काढलं. तिकिटापुढे माझं काही चालत नाही.

शेवटी सगळ्यांना वर्गाच्या कडुलिंबाखाली उभं करून मी जाहीर केलं, "रुईचं पान खुडलं की चीक उडतो. ज्याच्या सदऱ्यावर चिकाचे डाग, तोच चोर!"

तिसरीतली छकुली माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आजोबा, तुमच्याच सदऱ्यावर हायेत."

डाग मला चष्म्याशिवायही दिसले. दर शनिवारी मारुतीचा रुईच्या पानांचा हार मीच करतो. एरवी पानं नाल्यावरून आणतो; आज गुडघा दुखत होता, म्हणून फटफटताना कुंपणातलीच खुडली.

"देवळात!" छकुली ओरडली, आणि सगळी शाळा धावत सुटली.

मारुतीच्या गळ्यातल्या हारावर सहा अळ्या निवांत नाश्ता करत होत्या. सातवी देवाच्या खांद्यावर होती. पोरांनी तिथेच बसकण मारून वह्या उघडल्या. प्रेमानंदराव वाकले.

"ह्याचं तोंड कोनतं बे? शिंगं तर दोन्हीकडं हायेत!"

"जिकडून खाऊन राह्यली, तिकडचं," छकुली म्हणाली.

प्रेमानंदराव फरशीवर बसले ते अर्धा तास उठले नाहीत. उठताना म्हणाले, "मॅडम, खोलीत हे कसं दाखवसान? बाहेरच बसवा पोरायले."

मॅडम हसल्या, तेव्हा मलाही हायसं वाटलं. पोरांनी हार मिरवत नेऊन पुन्हा रुईवर टाकला. मी हळूच छकुलीच्या वहीत डोकावलो. माझ्या नावामागे 'सुप्रसिद्ध गुप्तहेर' लिही, अशी विनंती केली. तिने विचार केला आणि लिहिलं:

'आज अळ्या देवळात गेल्या होत्या. चष्मा न लावणाऱ्या आजोबांनी नेल्या.'

मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली.